पोस्टर सगळ्यात शेवटी: कृष्णवर्णीय अपंग व्यक्तींच्या इतिहासावर कार्यक्रम कसा बांधायचा

जानेवारी संपत आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो: "यंदा ब्लॅक हिस्टरी मंथला काहीतरी वेगळं करूया. अपंग व्यक्तींवर करूया." (ब्लॅक हिस्टरी मंथ म्हणजे फेब्रुवारी, अमेरिकेतला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना.) दोन दिवसांत कोणीतरी उत्साही माणूस पोस्टर टाकतो. त्यावर स्टीव्ही वंडर आणि रे चार्ल्स हे अंध गायक, गुलामगिरीतून पळून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन, खाली एक बाणेदार वाक्य. एकदा तर त्यात हेलन केलरही होत्या. (हेलन केलर गोऱ्या होत्या.)

हा लेख त्या पोस्टरच्या आधी वाचायचा आहे.

मी सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या एका मराठी शाळेत हा कार्यक्रम करणाऱ्या गटात काही वर्षं काम करते आहे. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत. पहिल्या वर्षी आमच्या पाहुण्या व्हीलचेअरवरून आल्या. हॉलला रॅम्प होता, पण मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपाशी, आणि त्या दाराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ सुट्टीवर. आत भिंतीवर अपंगांच्या हक्कांची आठ पोस्टरं आणि बाहेर गारठ्यात वीस मिनिटं त्या. तेव्हापासून आमचा क्रम उलटा झाला. आधी दार, मग माणसं, मग मजकूर, आणि पोस्टर सगळ्यात शेवटी.

पुढचा हिशेब साठ-सत्तर माणसांच्या, दोन तासांच्या कार्यक्रमाचा आणि सहा ते आठ फलकांच्या प्रदर्शनाचा आहे. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी करायचा तर कामाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागायचं. जानेवारीच्या शेवटी आठवण झाली असेल तर यंदा प्रदर्शन सोडा, एका वक्त्याचा साधा कार्यक्रम करा. तो जास्त चांगला होतो.

## टप्पा १: हॉल (१० आठवडे आधी)

हॉलवाल्यांना फोन केला की "हो हो, ॲक्सेसिबल आहे" असंच उत्तर येतं. त्यावर विसंबू नका. मोजपट्टी घेऊन स्वतः जा.

रॅम्पचा उतार अमेरिकी मापाने १ इंच उंचीला निदान १२ इंच लांबी असा हवा. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किमान ३२ इंच. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला साधारण ६० इंचांचं वर्तुळ लागतं; खुर्च्यांच्या रांगा लावल्यावर ते उरतं का हे पाहा, रिकाम्या हॉलमध्ये नव्हे. मग स्वच्छतागृह. अपंगांसाठीचं स्वच्छतागृह असतं, पण गेल्या गणपतीचं मखर त्यातच ठेवलेलं असतं. हसू नका, स्वतः उघडून पाहा.

स्टेजला रॅम्प नसेल तर त्या दिवशी स्टेज कोणीच वापरायचं नाही. सगळे वक्ते, निवेदक आणि अध्यक्षसुद्धा खाली. एका पाहुणीला खाली बसवून बाकीच्यांनी वरून बोलायचं हे दृश्य फार वाईट दिसतं, आणि आपल्याला ते दिसतही नाही.

तपासा: रॅम्पच्या दाराची किल्ली कोणाकडे असते? त्या दिवशी तो माणूस हजर आहे का? त्याचा फोन नंबर गटातल्या दोघांकडे आहे का? हे लेखी घ्या.

निमंत्रणात पहिल्याच मसुद्यापासून दोन ओळी हव्यात: हॉलमध्ये काय सोय आहे, आणि आणखी काही लागत असेल तर कोणाला, कुठल्या तारखेपर्यंत कळवायचं. "गरज असल्यास संपर्क साधावा" एवढं मोघम लिहिलं तर कोणी संपर्क साधत नाही.

## टप्पा २: माणसं (९ आठवडे आधी)

कृष्णवर्णीय अपंग व्यक्तींबद्दल आपण सगळे बोलतो आणि त्यांच्यापैकी एकही माणूस हॉलमध्ये नसतो, असं बहुतेक वेळा होतं. मोठ्या शहरांच्या आसपास अपंगांना स्वतंत्रपणे राहायला मदत करणारं 'इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटर' असतं आणि ते अपंग व्यक्तीच चालवतात. तिथे विचारा. विद्यापीठातल्या अपंग विद्यार्थ्यांच्या संघटनांना विचारा.

विचारताना मानधनाचा आकडा पहिल्या पत्रातच लिहा. शाल-श्रीफळ प्रेमाचं खरं, पण त्यातून पेट्रोल येत नाही. वक्त्यासोबत मदतनीस येणार असेल तर त्याचं जेवण आणि प्रवास आपल्याकडे.

कशावर बोलणार हे त्यांना ठरवू द्या. "तुमचा प्रवास सांगा" असं म्हटलं की त्याचा अर्थ "तुमचा आजार सांगा" असाच होतो. कदाचित त्यांना वाहतुकीच्या धोरणावर बोलायचं असेल, किंवा हिप-हॉपवर. लिरॉय मूर यांनी सुरू केलेल्या 'क्रिप-हॉप नेशन' या अपंग संगीतकारांच्या चळवळीबद्दल आमच्याकडे एकदा अशीच माहिती मिळाली, आणि शाळेतली मोठी मुलं त्या संध्याकाळी प्रथमच मोबाइल खाली ठेवून ऐकत होती.

सावध: वक्ता मिळाला नाही म्हणून मुलांचा फॅन्सी ड्रेस करू नका. चेहऱ्याला रंग फासून, हातात काठी देऊन "मी हॅरिएट टबमन" हे अजिबात नको. चेहऱ्याला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणं हा अमेरिकेत अपमानाचा जुना प्रकार आहे, आणि लंगडून दाखवणं हा आपल्याकडचा. दोन्ही एकत्र तर नकोच नको.

## टप्पा ३: कोणाला घ्यायचं (८ आठवडे आधी)

आठ फलकांत वीस माणसं कोंबली की प्रत्येकाला जन्म, मृत्यू आणि एक विशेषण एवढंच मिळतं. चारच निवडा, प्रत्येकाला दोन फलक. गायक किंवा खेळाडू फार तर एक. नाहीतर प्रेक्षकांचा समज होतो की अपंग माणसाने कमालीची कला दाखवली तरच तो लक्षात ठेवायचा.

आम्हाला उपयोगी पडलेली काही नावं देते. तुमच्या शहराला जवळचं कोण, ते तुम्ही शोधा.

ब्रॅड लोमॅक्स (१९५०–१९८४). कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते, व्हीलचेअर वापरणारे. बे एरियात कार्यक्रम असेल तर इथूनच सुरुवात करा. मराठी प्रेक्षकांना 'पँथर' हा शब्द ओळखीचा असतो. १९७२ मध्ये मुंबईत निघालेल्या दलित पँथरने ते नाव इथूनच उचललं. पण तेवढं एक वाक्य पुरे. पूर्ण फलक आपल्याकडे वळवण्याचा मोह होतो, तो टाळा.

जॉनी लेसी (१९३७–२०१०). नर्सिंग शिकत असताना १९ व्या वर्षी पोलिओ. पुढे सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये वाचा-उपचार शिकायला गेल्या, तर विभागप्रमुखांनी अपंगत्वाचं कारण देऊन आडकाठी केली. भांडून वर्गात बसायला मिळालं, पण विभागाने त्यांना आपलं मानलं नाही, पदवीदानातही घेतलं नाही. त्यांनी त्या माणसाला सुनावलं की मी नुसती बाई असते किंवा नुसती कृष्णवर्णीय असते तर तुम्हाला हे करता आलं नसतं. नंतर बर्कलीच्या इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटरच्या उभारणीत त्यांचा हात होता, आणि हेवर्डमधली तशीच एक संस्था त्यांनी बरीच वर्षं चालवली. त्यांची सविस्तर मुलाखत बर्कलीच्या विद्यापीठ ग्रंथालयात जतन केलेली आहे. ती वाचून घ्या, इतरांनी केलेला सारांश नको.

आयझॅक वुडर्ड. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी, सैन्यातून सन्मानाने मोकळा झाल्यानंतर काही तासांत, अंगावर गणवेश असताना दक्षिण कॅरोलायनातल्या बेट्सबर्ग गावी पोलिसांनी त्याला मारहाण करून त्याचे दोन्ही डोळे फोडले. पोलिसप्रमुखावर खटला झाला. सगळे गोरेच असलेल्या ज्यूरीने त्या प्रमुखाला निर्दोष सोडलं. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, त्यामागच्या कारणांत हे प्रकरण मोजलं जातं. २०१९ मध्ये त्या गावात स्मृतिफलक बसला आणि त्याच्या खालच्या भागात ब्रेल आहे. तुमचे फलक बनवणाऱ्या मंडळींना हे आवर्जून सांगा.

लोइस कर्टिस (१९६७–२०२२). जॉर्जियातल्या चित्रकार. बौद्धिक आणि मानसिक अपंगत्वामुळे लहानपणापासून संस्थांमध्ये राहिल्या. डॉक्टर म्हणाले बाहेर राहू शकतील, तरी सरकार सोडेना. एलेन विल्सन यांच्यासह त्यांनी दिलेल्या लढ्यातून १९९९ चा 'ओल्मस्टेड' निकाल आला: गरज नसताना अपंग माणसाला संस्थेत अडकवून ठेवणं हा भेदभाव आहे. निकालाच्या नावात त्या फक्त 'एल. सी.' एवढ्याच उरल्या, म्हणून फलकावर पूर्ण नाव मोठ्या अक्षरात हवं.

अँड्र्यू फॉस्टर (१९२५–१९८७). ११ व्या वर्षी मेंदूज्वराने बहिरेपण आलं. गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातून १९५४ मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. १९५७ पासून घाना आणि इतर आफ्रिकी देशांत त्यांनी कर्णबधिरांसाठी तीसहून अधिक शाळा काढल्या.

लुईझ मिलर. या स्वतः अपंग नव्हत्या, पण यादीत असाव्यात असं माझं ठाम मत. वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेटच्या आवारात केंडल ही कर्णबधिरांची शाळा असताना त्यांच्या कर्णबधिर मुलाला वर्णामुळे तिथे प्रवेश नव्हता. मुलांना दुसऱ्या राज्यात पाठवलं जाई. १९५२ मध्ये इतर पालकांसह त्यांनी खटला जिंकला. शाळेने काय केलं? त्याच आवारात कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी इमारत बांधली. फलकावर हा भाग गाळू नका. "खटला जिंकला, भेदभाव संपला" असं लिहिलं तर ते खोटं ठरतं.

तपासा: निवडलेल्या चौघांत निदान दोन स्त्रिया आहेत का? दिसणाऱ्या अपंगत्वाखेरीज बहिरेपण, बौद्धिक किंवा मानसिक अपंगत्व आहे का? सगळे एकोणिसाव्या शतकातले तर नाहीत?

## टप्पा ४: शब्दांची यादी (७ आठवडे आधी)

मजकूर लिहिण्याआधी शब्दांची यादी करून ती सगळ्या लेखकांना वाटा. नाहीतर आठ फलकांवर आठ भाषा.

'अपंग' की 'दिव्यांग'? महाराष्ट्र सरकारच्या खात्याचं नाव आता दिव्यांग कल्याण विभाग आहे, त्यामुळे भारतातल्या वाचकाला तो शब्द सवयीचा. पण २०१५ मध्ये पंतप्रधानांनी तो सुचवल्यापासून अपंग हक्क चळवळीतल्या अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे: अंगाला दिव्यत्व चिकटवलं की रॅम्प मागायची सोय राहत नाही. अमेरिकेतल्या या चळवळीने 'डिसेबल्ड' हा शब्द न लाजता वापरला, म्हणून या विषयापुरता मी सरळ 'अपंग' लिहिते. वक्त्याची पसंती वेगळी असेल तर वक्त्याची चालेल.

'मूकबधिर' नको, 'कर्णबधिर' लिहा. खुणांची भाषा बोलणारा माणूस मुका नसतो. 'निग्रो' फक्त जुन्या संस्थेच्या नावात असेल तेवढाच. 'गुलाम म्हणून जन्मली' ऐवजी 'गुलामगिरीत जन्मली'. 'ग्रासलेला', 'पीडित', 'व्हीलचेअरला खिळलेला' हे तिन्ही खोडा. व्हीलचेअरने माणूस हिंडतो, खिळतो कसला?

आणि आता 'असूनही'. "अंध असूनही पियानो वाजवला." "अपंग असूनही लढले." पियानो बोटांनी वाजतो. मसुदा संगणकावर घ्या, 'असूनही' शोधा, जितके सापडतील तितके उडवा. आमच्या पहिल्या मसुद्यात अकरा निघाले होते.

त्याहून चोरटी चूक क्रियापदात असते. मराठीत "त्यांची दृष्टी गेली", "डोक्याला मार लागला", "पाय गमावला" असं सहज लिहिलं जातं, आणि करणारा गायब होतो. वुडर्डची दृष्टी 'गेली' नाही. पोलिसांनी डोळे फोडले. टबमन यांच्या डोक्याला मार 'लागला' नाही. मुकादमाने दुसऱ्या माणसावर फेकलेलं लोखंडी वजन त्यांच्या डोक्यात बसलं. या इतिहासात कितीतरी अपंगत्व कोणीतरी केलेलं आहे. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांना लहानपणी पोलिओ झाला, तो आजार. पण १९६१ मध्ये मिसिसिपीत त्यांना न विचारता त्यांचं गर्भाशय काढलं आणि १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात मारहाण करून मूत्रपिंडाला कायमची इजा केली, तिथे कर्ता लिहायलाच हवा.

तपासा: प्रत्येक फलकावरच्या प्रत्येक इजेपुढे विचारा, "कोणी?" उत्तर माहीत असेल तर ते वाक्यात हवं.

## टप्पा ५: तथ्यं पडताळणं (५ ते ६ आठवडे आधी)

इथेच घोडं पेंड खातं. मजकूर लिहिणाऱ्यानेच तो तपासायचा नाही. दुसऱ्या माणसाला द्या आणि लाल पेन द्या.

टबमन यांचं उदाहरण घेऊ, कारण त्यांच्याबद्दलच सगळ्यात जास्त चुकतं. "हजार गुलाम सोडवले, आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं तर आणखी हजार सोडवले असते" हे वाक्य त्यांच्या नावावर सगळीकडे फिरतं. त्यांच्या हयातीतल्या कुठल्याही नोंदीत ते नाही. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोस्टरवर ते सोनेरी अक्षरांत होतं. माणसं सोडवून आणण्याच्या १९ फेऱ्या आणि ३०० माणसं हा आकडाही जुन्या चरित्रातून आलेला. आजचे अभ्यासक सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसं मानतात. वेगळी गोष्ट म्हणजे २ जून १८६३ ची कोम्बाही नदीवरची लष्करी मोहीम, तिच्यातून ७०० हून अधिक माणसं मुक्त झाली. हे दोन आकडे एकत्र करू नका.

मागाहून लावलेली निदानं वेगळी ठेवा. टबमन यांना बोलता बोलता अचानक गाढ झोप लागे, स्वप्नं पडत, डोकं दुखे, एवढं समकालीन लोकांनी लिहून ठेवलं आहे. 'एपिलेप्सी' हा नंतरच्या लोकांचा अंदाज. 'ब्लाइंड टॉम' म्हणून दौरे करवलेले पियानोवादक टॉम विगिन्स (१८४९–१९०८) अंध होते हे नक्की. ते ऑटिस्टिक असावेत हा आजचा तर्क. फलकावर दोन्ही येऊ द्या, पण वेगळ्या वाक्यांत. विगिन्स यांच्याबाबत आणखी एक: गुलामगिरी संपल्यावरही ते जुन्या मालकाच्या घराण्याच्या 'पालकत्वा'खाली राहिले आणि कार्यक्रमांचा पैसा त्या घराण्याकडे गेला. "अंध प्रतिभावंत" एवढंच लिहून थांबलात तर मुख्य गोष्ट राहिली.

ज्यांनी स्वतः सांगितलं नाही त्यांचं काय? खासदार बार्बरा जॉर्डन (१९३६–१९९६) यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. हयातीत त्यांनी त्याबद्दल उघड बोलणं टाळलं. आता ती माहिती सार्वजनिक आहे, त्यामुळे घ्यायला हरकत नाही, पण त्यांनी बोलणं टाळलं हेही लिहा. जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र त्याने स्वतः जाहीर केल्याशिवाय एक अक्षर नाही.

सावध: ५०४ चं धरणं आणि अपंग हक्कांचा मोठा कायदा यांची गल्लत होते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ म्हणजे सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला बंदी. त्याचे नियम चार वर्षं सहीवाचून पडून होते, म्हणून १९७७ चं धरणं. 'अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज ॲक्ट' त्यानंतर तेरा वर्षांनी, २६ जुलै १९९० रोजी आला.

## टप्पा ६: फलक लिहिणं (४ आठवडे आधी)

एका फलकावर १०० ते १२० शब्द. उभ्याने त्याहून जास्त कोणी वाचत नाही. क्रम असा: काय केलं, कुठे आणि कधी, वाट कोणी अडवली, सोबत कोण होतं. अपंगत्व जिथे त्या कामात येतं तिथे सांगायचं. पहिल्या वाक्यात नव्हे, आणि शेवटी राखून ठेवलेल्या धक्क्यासारखंही नव्हे.

आमच्याकडे आलेला मसुदा असा होता:

"मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या दुर्धर आजाराने ग्रासलेले असूनही ब्रॅड लोमॅक्स यांनी जिद्दीच्या जोरावर संकटांवर मात करून अपंगांना न्याय मिळवून दिला."

नाव बदला आणि हे वाक्य कोणालाही चिकटतं. गाव नाही, साल नाही, काम नाही. नंतर तो असा झाला:

"ब्रॅड लोमॅक्स फिलाडेल्फियाचे. ब्लॅक पँथर पक्षाची वॉशिंग्टन शाखा उभारणाऱ्यांपैकी एक. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे व्हीलचेअर वापरत. ओकलंडच्या बसला पायऱ्या होत्या, म्हणून चढताना भाऊ त्यांना उचलून नेई. १९७५ मध्ये त्यांनी बर्कलीच्या इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटरपुढे प्रस्ताव ठेवला: ईस्ट ओकलंडमध्ये, कृष्णवर्णीय वस्तीत शाखा काढा. ५ एप्रिल १९७७ रोजी शंभराहून अधिक आंदोलक सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ हलले नाहीत. त्यांत लोमॅक्स होते, आणि त्यांची रोजची मदत करणारे पँथर कार्यकर्ते चक जॅक्सन. पक्षाने धरणेकऱ्यांना रोज गरम जेवण पोचवलं. २८ एप्रिलला कलम ५०४ च्या नियमांवर सही झाली."

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही हे पाहा. चक जॅक्सन यांचं नाव मुद्दाम आहे. मदत करणारा माणूस बहुतेक फलकांवरून पुसला जातो आणि मग नायक एकटाच लढल्यासारखा दिसतो. जागा उरली तर त्याच धरण्यातले दृष्टिहीन कार्यकर्ते डेनिस बिलप्स आणि अपंग कार्यकर्त्या जॉइस जॅक्सन यांनाही घ्या. दोघेही कृष्णवर्णीय, आणि दोघांचंही नाव क्वचितच छापलं जातं.

तपासा: फलक मोठ्याने वाचा. दृष्टिहीन प्रेक्षकाला तो असाच ऐकायला मिळणार आहे. वाचताना धाप लागली तर वाक्य लांब आहे.

## टप्पा ७: भाषा, दुभाषी, फोटो (३ आठवडे आधी)

अमेरिकेतल्या मराठी कार्यक्रमांची खास अडचण इथे आहे. तुम्ही अमेरिकी खुणांच्या भाषेचा दुभाषी ठरवला, तो आला, आणि निवेदक मराठीत बोलू लागले. दुभाष्याला इंग्रजी येतं, मराठी नाही. तो बिचारा हात खाली घेऊन उभा. दोन मार्ग आहेत: मुख्य सत्र इंग्रजीत करा, किंवा मराठी बोलणाऱ्याशेजारी वाक्यागणिक इंग्रजी करणारा माणूस ठेवा आणि वेळ दीडपट धरा. बोलणं पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या थेट मथळ्यांचंही तेच. मोबाइलने आपोआप बनवलेल्या मराठी मथळ्यांवर भरवसा ठेवू नका. लोमॅक्सचं काय काय होतं ते एकदा पाहाच.

तासापेक्षा मोठ्या कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात, ते आळीपाळीने काम करतात. नावांची, सालांची यादी त्यांना आठवडाभर आधी द्या.

पुण्या-मुंबईत कार्यक्रम असेल तर भारतीय खुणांच्या भाषेचा दुभाषी लागेल. ही भाषा वेगळी आहे. तिची मुळाक्षरं दोन्ही हातांनी करतात, अमेरिकी एका हाताने. कृष्णवर्णीय कर्णबधिरांची स्वतःची बोलीही आहे: वर्णभेदाच्या काळातल्या वेगळ्या शाळांत ती घडली, तिच्यात दोन हातांच्या खुणा जास्त आणि खुणांना जागा मोठी. ती दाखवायची असेल तर ती ज्याची आहे अशाच माणसाला बोलवा. व्हिडिओवरून शिकलेल्या उत्साही स्वयंसेवकाला नको.

फोटोंचं थोडक्यात. टबमन यांचे जुने फोटो मुक्त आहेत. १९७७ च्या धरण्याचे फोटो ज्यांनी काढले त्यांचे हक्क शाबूत असतात. परवानगी मागा, आणि नाही मिळाली तर फोटोविना फलक करा. प्रत्येक फोटोखाली त्यात काय दिसतं हे दोन ओळींत लिहा, आणि तेच ध्वनिफितीत वाचून ठेवा.

आता पोस्टर. अखेर. अक्षरं जाड, पार्श्वभूमी साधी, मजकुराचा मध्य जमिनीपासून सव्वाचार फुटांच्या आसपास, म्हणजे बसलेल्याला मान ताणावी लागत नाही आणि उभ्याला वाकावं लागत नाही. हातात द्यायच्या दहा प्रती १८ पॉइंट किंवा मोठ्या अक्षरांत छापा.

## टप्पा ८: त्या दिवशी

दोन तास आधी रॅम्पचं दार उघडा आणि एक माणूस तिथे बसवा. दाराशी बसणं हे मानाचं काम नाही, म्हणून ते कोणी घेत नाही. आमच्याकडे ते अध्यक्षांनाच देतात.

माइक सगळ्यांनी वापरायचा. "माझा आवाज मोठा आहे" म्हणणाऱ्या काकांनीसुद्धा. तासाने दहा मिनिटं विश्रांती, आणि चहाचं टेबल रॅम्पच्या वाटेत नको.

प्रश्नोत्तरांआधी निवेदकाने सांगायचं: प्रश्न विषयावर विचारा, वक्त्याच्या शरीरावर नको. तरी कोणीतरी "तुम्हाला हे जन्मापासून आहे का?" विचारतंच. तेव्हा निवेदकाने हसून पुढचा प्रश्न घ्यायचा. नाही म्हणायची जबाबदारी वक्त्यावर टाकू नये.

सावध: आभार मानताना "यांच्याकडे पाहिलं की आपली दुःखं किती छोटी वाटतात" हे वाक्य तोंडावर येतं. आभारप्रदर्शन कागदावरून वाचा.

बे एरियात असाल तर दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन फेरी काढता येते. सिव्हिक सेंटर स्टेशनजवळ ५० युनायटेड नेशन्स प्लाझा, धरण्याची इमारत, बाहेरूनच पाहायची. मग बार्ट या लोकल ट्रेनने ॲशबी स्टेशन. तिथल्या एड रॉबर्ट्स कॅम्पस या अपंगांच्या संस्थांच्या इमारतीत लाल रंगाचा गोल रॅम्प आहे आणि लहान मुलं त्यावरून खाली यायला तयार नसतात. निघण्याआधी दोन्ही स्टेशनांच्या लिफ्ट चालू आहेत का ते पाहा.

## टप्पा ९: नंतरचा आठवडा

मानधन त्याच आठवड्यात द्या. वक्त्याला विचारा की काय चुकलं, आणि उत्तर गटात जसंच्या तसं टाका. फलक ऑनलाइन ठेवणार असाल तर मजकूर अक्षरांत ठेवा, नुसता फोटो नको. दृष्टिहीन वाचकाचं सॉफ्टवेअर फोटोतली अक्षरं धड वाचत नाही. कोणी चूक दाखवली तर फलक दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख लिहा.

मग एका पानावर पुढच्या वर्षीच्या गटासाठी नोंदी: दुभाष्याचा नंबर, परवानगी मिळालेले फोटो, न मिळालेले फोटो, आणि अगदी वर, ठळक अक्षरांत, मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते ते.